दुसऱ्या वर्तुळातली माणसं

हुद्दारसरांनी कंपासचं टोक नकाशावरच्या घंटाघरात रोवलं आणि पेन्सिल फिरवली. एक वर्तुळ, त्याच्याबाहेर दुसरं, मग तिसरं. आम्ही चार विद्यार्थी टेबलाभोवती वाकून उभे होतो.

"ही बाजारपेठ," सर म्हणाले. "आणि तिला लागून हे दुसरं वर्तुळ, संक्रमणाचा पट्टा. गावाकडून आलेला माणूस आधी इथे येऊन पडतो. जुनी नाती गावाला राहिलेली, नवी जुळलेली नाहीत. मग कुटुंबं मोडतात, पोरं बिघडतात, गुन्हे वाढतात. माणूस वाईट नसतो, गोतमारे. जागा वाईट असते."

"आणि तिसरं वर्तुळ?" मी विचारलं.

"स्थिरावलेले कामगार. इथवर पोचला तो सुटला."

दुसऱ्या वर्तुळाची रेघ कोळसाटाल नावाच्या वस्तीच्या मधोमध गेली होती. अर्धी वस्ती आत, अर्धी बाहेर. सरांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी क्षणभर नकाशाकडे पाहिलं, कंपासचं टोक उचललं, बोटभर सरकवलं आणि रेघ पुन्हा मारली. आता अख्खी कोळसाटाल दुसऱ्या वर्तुळात आली.

"घंटाघर म्हणजे काही शहराचा नेमका मध्य नाही," ते हसून म्हणाले.

आम्हीही हसलो. मी जरा जास्तच हसले असेन.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. शहर विदर्भातलं, कापडगिरणीचं. मी पुष्पलता गोतमारे, पोस्टमनची मुलगी, तालुक्याच्या गावाहून आलेली, समाजशास्त्राची पहिल्या वर्गातली पदवी घेऊन डॉ. त्रिंबक हुद्दारांच्या हाताखाली संशोधन करत होते. सर शिकागोत तीन वर्षं शिकून आले होते. तिथल्या विद्वानांनी पन्नास वर्षांपूर्वी, देशोदेशीच्या माणसांनी फुगत चाललेलं आपलं शहर कसं अभ्यासलं, ते सर इतकं रंगवून सांगत की तास संपल्याचं कळत नसे. शहर म्हणजे रानासारखं. एक झाड दुसऱ्याला हटवतं आणि त्याची जागा घेतं. तसंच माणसांच्या थरांचं. त्या विद्वानांनी आपल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून उठवून गल्लीबोळांत, खानावळींत, नाचघरांत पाठवलं होतं. मला सगळ्यात जास्त आवडलं होतं ते हे. वाटलं होतं, हे शास्त्र आपल्यासारखीसाठीच आहे, जिला चालायची सवय आहे.

सरांनी मला कोळसाटाल दिली. दोनशे चौदा घरं, सहा महिने, घरटी एक फॉर्म.

गिरणीच्या मागे एके काळी दगडी कोळशाचा डेपो होता. तो बंद पडला आणि त्या काळ्या जमिनीवर वस्ती बसली. विणकर कोष्टी, गिरणीतले मुसलमान कामगार, बौद्ध, छत्तीसगडहून आलेली चार-पाच घरं. पहिल्या दिवशी मी फायली छातीशी धरून गल्लीत शिरले, तेव्हा एका उंबऱ्यावर साठीची एक बाई विणकरांच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्याभोवती आठ लहान पोरं.

"एवढी सगळी तुमची?" मी विचारलं.

"जेवाले मागते तवा माही," ती म्हणाली, "हागते तवा ज्याची त्याची. बसा. पानी देऊ?"

ती मथुराबाई हेडाऊ. नवरा मेलेला, मुलगा कलकत्त्याकडे गेला तो गेलाच. गिरणीत जाणाऱ्या बायका पोरं तिच्याकडे टाकून जात. शेजारी रज्जाकभाई, मागावरचा जुना कामगार. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्याला रात्रपाळी असे, म्हणून त्याच्या दोन्ही मुली, गुलनार आणि नसीम, मथुराबाईकडे जेवत, तिच्याकडेच झोपत. सकाळी रज्जाकभाई यायचा, भिंतीला टेकून चहा प्यायचा, वस्तीत ज्या कुणाचं पत्र आलं असेल ते वाचून दाखवायचा आणि मग झोपायला जायचा. गुलनार शाळेला निघाली की गल्लीतल्या सात बायका तिची वेणी तपासत. एक म्हणे रिबीन सैल आहे, दुसरी म्हणे पाटी घेतली का. पोरगी वैतागून जायची.

मी हे सगळं वहीत लिहीत होते. फॉर्ममध्ये मात्र सरांनी दिलेले प्रश्न होते. सहा महिने मी मथुराबाईच्या उंबऱ्यावर बसले, तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. एकदा तापानं फणफणले, तेव्हा तीन दिवस तिथेच पडून होते. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर नसीम माझ्या कपाळावर ओला फडका ठेवून पाढे म्हणत होती.

फॉर्म भरून झाल्यावर गुण द्यायचं काम सुरू झालं. सरांनी एक तक्ता केला होता, विघटनाचा. जितके गुण जास्त, तितका समाज मोडलेला. एकसष्ट नंबरचा फॉर्म रज्जाकभाईचा होता. मी त्याच्यापाशी अडले.

"सर, 'मुलींवर पालकांची देखरेख आहे का' या प्रश्नाला काय लिहू?"

"आई आहे?"

"नाही. पण..."

"वडील रात्री घरी असतात?"

"रात्रपाळी असते. पण सर, मुलींवर गल्लीभर बायकांची नजर असते. त्यांना वेणीसुद्धा..."

"गोतमारे," सर शांतपणे म्हणाले, "पालक म्हणजे आई-बाप. पूर्ण पाच गुण द्या. आणि 'कुटुंबाबाहेर जेवण' यालाही पाच. ज्या घरात चूल पेटत नाही ते घर मोडलेलंच."

"चूल शेजारी पेटते, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही तिथे फार जेवलात," ते म्हणाले. "संशोधकानं अंतर ठेवावं. पुढच्या वर्षी विभागात एक जागा निघणार आहे. मला तुमचं नाव सुचवायचं आहे. नीट काम करा."

मी पाच गुण दिले. मग पाच. एकसष्ट नंबर झाला तसा बासष्ट झाला. आठ पोरं सांभाळणारी मथुराबाई 'निराधार, एकाकी वृद्धा' झाली. दोनशे चौदा घरांचे गुण मीच दिले. अक्षर सुंदर आलं. अहवालाच्या पहिल्या पानावर सरांचं नाव आणि त्याखाली, 'क्षेत्रीय माहिती व गुणांकन : कु. पुष्पलता गोतमारे'. खाली माझी सही. त्या पानाची एक प्रत मी बाबांना पोस्टानं पाठवली होती.

अहवाल नगरविकास समितीकडे गेला. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. आणि मी विचारलंही नाही.

तीन महिन्यांनी समितीची सुनावणी लागली. कोळसाटालीच्या जागी व्यापारी संकुल व्हायचं होतं. सर मला म्हणाले, "या तुम्ही. आकडेवारीवर कुणी काही विचारलं तर सांगायला."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. सभागृहात समोर समितीचे पाच सदस्य, बाजूच्या खुर्चीत सर, त्यांच्यामागे मी. आणि मागच्या बाकांवर कोळसाटाल. मला पाहून नसीमनं हात हलवला. मथुराबाई शेजारणीला म्हणाली ते मला ऐकू आलं, "आपली बाई आली. आता भेव नाई."

अध्यक्षांनी अहवालातून वाचायला सुरुवात केली. "'प्रस्तुत वस्ती हा समाज नसून एका जागी साचलेल्या, परस्परांशी असंबद्ध व्यक्तींचा समूह आहे. सबब तिचे विभाजन केल्यास कोणतीही सामाजिक हानी संभवत नाही.'" त्यांनी मान वर केली. "म्हणजे शास्त्रीय दृष्टीनंही हरकत नाही. घरं देऊच आपण, चार ठिकाणी. चिठ्ठ्या टाकून."

मथुराबाई उभी राहिली. "साहेब, थे असं... असंबद का काय म्हनलं, थे काय होय?"

"म्हणजे, बाई, तुमचा एकमेकांशी काही संबंध नाही."

"कोन म्हनते?"

"हा अहवाल म्हणतो."

"अन् हा कोनं लिवला?"

अध्यक्षांनी पान उलटलं, नाव शोधलं आणि पेनानं माझ्याकडे निर्देश केला. "या बाईंनी. सहा महिने तुमच्याकडे येत होत्या ना?"

अख्खी वस्ती माझ्याकडे पाहायला लागली. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. रज्जाकभाईनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, एवढंच. मथुराबाई अजून उभी होती. तिला वाटत होतं की काही तरी चूक झाली असेल आणि मी आता ती सांगेन.

मी उठले. "साहेब, हे चूक आहे."

सरांनी मागे वळून पाहिलं.

"गुण मी दिलेत. ते चुकीचे आहेत. यांच्या मुली शेजारी जेवतात म्हणून मी घर मोडलं असं लिहिलं. या बाई आठ पोरं सांभाळतात, त्यांना मी एकाकी लिहिलं. माझ्याकडे वही आहे. त्यात सगळं आहे, कोण कुणाचं काय करतं ते. ती वाचा. अहवाल वाचू नका."

"वही अहवालाचा भाग आहे का?" अध्यक्षांनी सरांना विचारलं.

"नाही," सर उठून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "हुशार मुलगी आहे. पण वस्तीत राहून मन गुंतलंय. शास्त्रात या धोक्याची नोंद आहे. आकडे मी स्वतः तपासले आहेत."

"तपासले नाहीत, सर!" माझा आवाज चिरकला. "तुम्ही एकदाही तिकडे आला नाहीत! रेघ मधून जात होती म्हणून तुम्ही कंपास सरकवलात!"

सभागृहात हशा पिकला. कंपास कशाचा, कुणाला कळणार?

अध्यक्षांनी हात वर केला. "ही सही तुमची आहे?"

"आहे. मी मागे घेते."

त्यांनी शेजारच्या सदस्याशी कुजबुज केली. सचिवाला काही विचारलं. मग म्हणाले, "सही मागे घेण्याची तरतूद नाही. तुमची इच्छा असेल तर नाव वगळता येईल."

"आणि आकडे?"

"आकडे राहतील."

सचिवानं पट्टी ठेवली आणि माझ्या नावावर लाल शाईनं सरळ रेघ मारली. मग ते पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर पायऱ्यांवर मी मथुराबाईला गाठलं. मी बोलले होते. विभागातली जागा गेली होती, सरांचा हात सुटला होता. खरं सांगते, मला वाटलं होतं, ती आता माझ्या तोंडावरून हात फिरवेल.

"मथुराबाई, मी सांगितलं त्यांना..."

"सांगतलं," ती म्हणाली. "आता सांगतलं. लिवत होत्या तवा तुमाले मालूम नोतं का? माह्या हातची भाकर खाऊन घरी जाऊन लिवलं नं तुमी, का मी एकटी हावो?"

तिनं पदर सावरला.

"चोर आला असता तं कुतरं तरी भुंकलं असतं," ती म्हणाली आणि नसीमचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या महिन्यात कोळसाटाल पाडली. एका दिवसाचं काम. शहराच्या चार टोकांना चार वसाहती होत्या आणि चिठ्ठीत ज्या वसाहतीचा नंबर निघेल तिकडे त्या घरची माणसं ट्रकमध्ये चढली. मथुराबाई तीन नंबरला, पूर्वेच्या जकातनाक्यापलीकडे. रज्जाकभाई आणि मुली एक नंबरला, पश्चिमेला. मधे पंधरा मैल. मी लांब, गिरणीच्या भिंतीजवळ उभी होते. जवळ जायला तोंड नव्हतं.

विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली. मी एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. तिथे ग्रंथालयातून मागवून ती शिकागोची जुनी पुस्तकं मुळातून वाचली. त्यांच्यातही चुका होत्या, पुष्कळ. पण ती माणसं महिनोन् महिने त्या गल्ल्यांत जाऊन बसली होती, टोळ्यांतल्या पोरांशी बोलली होती, भटक्या मजुरांबरोबर चालली होती. आणि ज्या शहरावरून ती वर्तुळं काढली, त्या शहरात तर अर्धं वर्तुळ शेजारच्या अफाट तळ्यात बुडतं. आमच्या सरांनी तिथून चालणं आणलंच नाही. नुसता कंपास आणला.

अडीच वर्षांनी सरांचं पत्र आलं. 'राग विसरला असाल तर भेटून जा. महत्त्वाचं काम आहे.'

मी गेले. सर खरोखरच आनंदात होते. टेबलावर नव्या फॉर्मांचा गठ्ठा होता. "बसा, बसा. समितीनं त्या चार वसाहतींची पाहणी करायला सांगितली आहे. प्राथमिक आकडे आलेत, बघा." त्यांनी कागद पुढे केला. "दारू वाढली. चोऱ्या वाढल्या. शाळा सोडणाऱ्या मुली दुप्पट. मी म्हटलं होतं ना? हे लोक विघटन बरोबर घेऊन फिरतात."

मी कागद पाहिला. एक नंबरच्या वसाहतीत एक ओळ होती, 'वडील रात्रपाळीस. थोरल्या मुलीने धाकटीस सांभाळण्यासाठी शाळा सोडली.' नाव नव्हतं. मला नावाची गरज नव्हती. जे मी खोटं लिहिलं होतं, ते सरांनी आणि समितीनं अडीच वर्षांत खरं करून दाखवलं होतं.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, माणूस वाईट नसतो, जागा वाईट असते. जागा तर तुम्ही बदललीत."

"सिद्धान्त विकसित होत असतो."

"मग या फॉर्ममध्ये एक प्रश्न घाला. मी काम करते." मी त्यांचंच पेन उचललं आणि पहिल्या प्रश्नाच्या वर लिहिलं, 'येथे येण्यापूर्वी कोठे, कोणाकोणासोबत राहत होता? येथे कोणी आणले?'

सरांनी ते वाचलं. हसले नाहीत या वेळी. पेन माझ्या हातातून घेतलं आणि ते खोडलं. "हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे."

"हाच विषय आहे!" मी म्हणाले. इतक्या जोरात, की बाहेरचा शिपाई दार ढकलून आत डोकावला. "एवढाच विषय आहे, सर. तुम्ही माणसं फाडली आणि आता चिंध्या मोजताय!"

"दार त्या बाजूला आहे," सर म्हणाले.

त्या दोन अहवालांवर सरांचं पुस्तक निघालं. ते अजून अभ्यासक्रमाला आहे. नोकरीची सगळी वर्षं मीही ते शिकवलं, कारण शिकवावं लागे. पण सरांच्या खोलीतून बाहेर पडले त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं, दर रविवारी आणि दर सुट्टीत, मी कोरी वही घेऊन चारही वसाहती पालथ्या घातल्या. दोनशे चौदांपैकी एकशे एकोणनव्वद घरं सापडली. प्रश्न एकच, सरांनी खोडलेला. त्या वह्या कुठल्या विद्यापीठाला नको होत्या, कुठल्या समितीनं वाचल्या नाहीत. कोळसाटाल काही परत उभी राहिली नाही.

सुरुवात मी तीन नंबरपासून केली होती.

सिमेंटच्या खोल्यांची रांग, सगळी दारं बंद. मथुराबाई दारात बसली होती. हातात काही काम नव्हतं, भोवती एक पोर नव्हतं. मला पाहून ती उठली नाही. पाणी विचारलं नाही.

"काऊन आल्या?"

"विचारायला. तेव्हा विचारलं नव्हतं ते."

"अजून कागद हायच तुमच्याजवळ."

"कोरा आहे. मी काही भरणार नाही, तुम्ही सांगाल तेच लिहीन. तुम्हीच वाचून घ्या कुणाकडून."

"वाचनारा तं तिकडं धाडला तुमी, एक नंबरले."

मी मान खाली घातली. मी उठले नाही. ऊन पायांवर आलं, तरी उठले नाही. शेवटी मी प्रश्न वाचला. कोळसाटालीत कुणाकुणासोबत राहत होता?

"सगळे सांगू?" ती म्हणाली.

"सगळे."

तिनं डोळे मिटले. "नळापासून धरू. नळाले लागून जनाबाई मौंदेकर. तिचे तीन पोट्टे, मधला तोतरा बोले. त्याच्या बाजूनं कासम मिस्त्री, थो सायकलीचे पंचर काढे. मंग शेवंता, तिचं बाळंतपन मीच केलं, पोरगी उलटी आली होती..."

मी लिहीत होते. शेजारची दारं एकेक करून किलकिली झाली. सांगत सांगत मथुराबाई चौथ्या घरावर आली, तोवर बाजूच्या खोलीतली एक मध्यमवयीन बाई बाहेर येऊन उभी राहिली होती. पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, मी कोळसाटालीची नोय. आमची वस्ती नाल्यापलीकडं होती, थेही पाडली. आमाले कोनं इचारलं नाई. माहं लिवता का?"

मथुराबाईनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. भिंतीला भिंत लागून दोघी अडीच वर्षं राहत होत्या.

"नाव काय व तुहं?"

"पार्बता."

मथुराबाई उंबऱ्यावर जरा सरकली. "बस इथं. माही गल्ली संपू दे, मंग तुही घेऊ."

पार्बताबाई बसली. मथुराबाईनं पुन्हा शेवंतापासून धरलं. गल्ली संपायला संध्याकाळ झाली.